नाशिक, वाई, महेश्वर, काशी : एकाच घरातली शहरं

आजच्या भागात आपण चार-पाच शहरांबद्दल बोलणार आहोत. पण सुरुवात सिनेमापासून करूया.

'स्वदेस' बघितलाय ना? २००४ चा. त्यातलं चरणपूर हे गाव उत्तर प्रदेशातलं दाखवलंय. पण तो नदीकाठ, तो दगडी घाट आपल्या सातारा जिल्ह्यातला आहे, वाईजवळच्या मेणवलीचा. 'गंगाजल' (२००३) मध्ये बिहार दाखवलाय, शूटिंग वाई-साताऱ्याकडचं. 'दबंग' (२०१०) मधलं उत्तर प्रदेशातलं लालगंज? तेही वाई. आणि 'यमला पगला दीवाना' (२०११) मध्ये बनारस दाखवायला महेश्वरचे घाट वापरलेत, म्हणजे गंगेऐवजी नर्मदा.

गंमत अशी की प्रेक्षकांना काहीही खटकलं नाही. उत्तर प्रदेश म्हणून साताऱ्याचं गाव दाखवलं आणि सगळ्यांनी ते मान्य केलं. हे कसं काय जमतं?

मी नाशिकची. आमच्याकडे अजूनही कुणी 'गोदावरीवर जाऊन येतो' म्हणत नाही, 'गंगेवर जाऊन येतो' म्हणतात. आई-बाबांना घेऊन मी काशीला गेले होते, तेव्हा दुर्गाघाटाच्या पायऱ्या उतरताना आई सहज म्हणाली, "हे तर आपल्या गंगेवर आल्यासारखंच वाटतंय गं." बाबा म्हणाले, "काशी ती काशी, उगाच काहीतरी बोलू नकोस." पण आईचं म्हणणं माझ्या डोक्यात राहिलं. इंजिनिअर माणसाला दोन गोष्टी सारख्या दिसल्या की पहिला प्रश्न पडतो, हा योगायोग आहे की दोन्हींचा सोर्स एकच आहे?

आपल्याकडे याचं ठरलेलं उत्तर आहे. नाशिकला 'दक्षिण काशी' म्हणतात, वाईला म्हणतात, पैठणलाही म्हणतात. नदी, देवळं, घाट, मंत्र, झालं, काशी तयार. पण नदीकाठी देवळं तर देशभर आहेत. ती सगळी एकमेकांसारखी दिसत नाहीत. मग हीच का दिसतात? माझ्या मते उत्तर इतिहासात आहे, आणि फार लांबच्याही नाही. अठराव्या शतकातल्या साधारण शंभर वर्षांत ही शहरं एकमेकांना ओळखणाऱ्या, एकमेकांच्या नात्यातल्या, एकाच दरबारातल्या माणसांनी बांधली किंवा नव्यानं उभी केली.

माहेर वाई, म्हातारपण नाशिक

आधी एका बाईंपासून सुरू करू. गोपिकाबाई. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी, विश्वासराव, माधवराव आणि नारायणराव यांच्या आई. त्यांचं माहेर वाईचं रास्ते घराणं. वाईला गेलात तर कृष्णेच्या काठावर जो भलाथोरला ढोल्या गणपती आहे, त्याचं देऊळ १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलं. त्याच्या जवळचं काशीविश्वेश्वराचं देऊळ १७५७ चं, आनंदराव भिकाजी रास्त्यांचं. हे दोघे गोपिकाबाईंचे भाऊ. म्हणजे आज वाईचा जो घाट आपण फोटोत बघतो, तो मोठ्या प्रमाणावर पेशव्यांच्या सासुरवाडीचा घाट आहे.

१७६१ हे साल आपल्याला पानिपतामुळे पाठ आहे. गोपिकाबाईंचा मोठा मुलगा विश्वासराव तिथे पडला आणि काही महिन्यांत नवराही गेला. पुढे माधवरावांशी त्यांचं पटेना. त्या पुणं सोडून नाशिकजवळ गंगापूरला येऊन राहिल्या आणि १७८८ मध्ये नाशिकलाच वारल्या. नाशिकच्या जुन्या, इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटिअरमध्ये नोंद आहे की रामकुंड १६९६ मध्ये साताऱ्याकडच्या खटावच्या जहागीरदारांनी बांधलं आणि पुढे त्याची सुधारणा गोपिकाबाईंनी केली.

म्हणजे बघा, नाशिकमधली सगळ्यात महत्त्वाची जागा खटावच्या माणसानं बांधली आणि वाईच्या मुलीनं नीट केली. दोन्ही गावं आजच्या सातारा जिल्ह्यातली. नाशिक आणि वाई सारखी वाटतात यात नवल काय?

वसईच्या दोन घंटा

दुसरा पुरावा धातूचा आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. त्या विजयाची खूण म्हणून तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी सरदारांनी आपापल्या देवळांत आणल्या. त्यातली एक आमच्या पंचवटीत, नारोशंकराच्या देवळावर. तिच्यावर १७२१ हे साल आहे. दुसरी मेणवलीत, नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर, मेणेश्वराच्या देवळाशेजारी. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळाला घेतलेल्या मेरीचं चित्र. तीच मेणवली, 'स्वदेस'वाली.

नाशिकची घंटा म्हणजे आमचं जुनं पूरमापक यंत्र. दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी, कमरेला पाणी, गळ्याला पाणी असं मोजत जायचं, आणि घंटेपर्यंत पाणी आलं म्हणजे मोठाच पूर. लिस्बनच्या राजाची सत्ता सांगायला ओतलेली घंटा आज गोदावरीची पातळी सांगते.

आणि ज्यांनी ती बसवली ते नारोशंकर राजेबहादूर कोण? १७४७ मध्ये त्यांनी हे रामेश्वराचं देऊळ बांधलं. नाशिक जिल्ह्यातला मालेगावचा किल्लाही त्यांचाच. आणि त्याच काळात ते झाशीचे सुभेदार होते. झाशीचा किल्ला त्यांनी वाढवला, किल्ल्याखाली गाव वसवलं. पुढे राणी लक्ष्मीबाईंनी जो किल्ला लढवला त्यातला काही भाग या माणसाचा. आणि स्वतः लक्ष्मीबाई, माहेरच्या मणिकर्णिका तांबे, जन्मल्या कुठे? काशीत, मराठी घरात.

एका घंटेवरून निघालो, ते झाशीवरून थेट काशीत पोचलो. हे जाळं असंच आहे. कुठलाही धागा ओढा, दुसरं टोक अडीच-तीन नद्या पलीकडे निघतं.

चांदवड ते काशी

नाशिकवरून मुंबई-आग्रा रस्त्यानं निघालात की चांदवड लागतं. तिथे होळकरांचा रंगमहाल आहे. लाकडी खांब, चौक, भिंतींवरची चित्रं. याच रस्त्यानं पुढे मध्य प्रदेशात जा आणि महेश्वरचा अहिल्याबाईंचा राजवाडा बघा. राजवाडा म्हणून गेलात तर निराश व्हाल, कारण तो आपल्याकडच्या एखाद्या चांगल्या वाड्यासारखाच आहे. चौक, ओसरी, सागवानी खांब. चौंडीच्या मुलीनं नर्मदेकाठी राजधानी केली, पण घर मात्र ओळखीचं बांधलं. खाली घाट, पायऱ्यांवर देवळं, छत्र्या.

अहिल्याबाईंचा कारभार १७६७ ते १७९५. काशीचं आजचं विश्वनाथाचं देऊळ त्यांनी १७८० मध्ये बांधलं. पंचगंगा घाटावर हजार दिव्यांची दगडी दीपमाळ उभारली. दीपमाळ ही मला या सगळ्या बांधकामांवरची सही वाटते. उज्जैनला हरसिद्धीच्या देवळापुढे दोन प्रचंड दीपमाळा आहेत. पुण्या-साताऱ्याचा माणूस त्या बघून जेजुरीची आठवण काढल्याशिवाय राहणार नाही.

काशीची यादी वाचताना तर मराठा दरबाराचं हजेरीपत्रक वाचतोय असं वाटतं. दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांच्या प्रयत्नांतून. भोसले घाट नागपूरकर भोसल्यांचा. ज्ञानवापी विहिरीवरचा मंडप १८२८ चा, बायजाबाई शिंद्यांचा. १८३० चा शिंदे घाट इतका जड झाला की तो नदीत खचला. इतिहासकार अ. स. आळतेकर बनारस हिंदू विद्यापीठात शिकवायचे. त्यांचं मत असं होतं की आपण आज बघतो ते बनारस बऱ्याच अंशी मराठ्यांनी घडवलेलं आहे.

म्हणजे 'नाशिक काशीसारखं दिसतं' हे वाक्य अर्धंच झालं. काशीचा बराचसा घाट नाशिक-वाईकडच्या माणसांच्या मनातल्या घाटासारखा बांधला गेलाय. आईचं म्हणणं बरोबर होतं. बाबा, हा भाग ऐकत असाल तर, पुरावे दिलेत!

उज्जैनचा फोर्क

सॉफ्टवेअरवाल्यांसाठी खास हा भाग. एखादा प्रोजेक्ट चांगला चालत असेल तर त्याची प्रत घेऊन आपल्या गरजेनुसार बदलतात, त्याला आम्ही फोर्क म्हणतो. उज्जैनचा कुंभमेळा हा नाशिकचा फोर्क आहे, निदान परंपरा तसं सांगते. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांनी उज्जैनला ठाणं केलं. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकाळाचं देऊळ पुन्हा उभं केलं. आणि सांगतात की नाशिकच्या मेळ्याला येणाऱ्या साधूंना राणोजींनी उज्जैनला बोलावलं.

नावातच याची खूण आहे. सिंहस्थ म्हणजे गुरू सिंह राशीत असताना भरणारा मेळा. 'सिंहस्थ' म्हणतात तो नाशिक-त्र्यंबकच्या मेळ्याला आणि उज्जैनच्या. गुरू एका राशीत साधारण वर्षभर असतो. त्यात श्रावण-भाद्रपदाच्या सुमाराला नाशिक-त्र्यंबकला आणि त्यानंतरच्या वैशाखात उज्जैनला मेळा. म्हणून २००३ ला नाशिक, २००४ ला उज्जैन. २०१५ ला नाशिक, २०१६ ला उज्जैन. आता २०२७ आणि २०२८.

मग फरक कुठे?

इथवर ऐकून असं वाटेल की सगळीकडे एकच नकाशा छापलाय. तसं नाहीये, आणि मला हाच भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

पहिला फरक दगडाचा. नाशिक, वाई, महेश्वर आणि माळव्याचं पठार, सगळं एकाच काळ्या दगडावर बसलंय. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. वाईचा पांडवगड आणि नाशिकचा रामशेज लांबून भाऊ वाटतात ते यामुळेच, थरावर थर आणि वर कातळाचा कडा. काळारामाचं देऊळ सरदार ओढेकरांनी बांधलं, त्याचा दगड रामशेजचा. काशीत मात्र हा दगड नाही. तिथे चुनारचा वालुकाश्म, पिवळट-गुलाबी. सकाळच्या उन्हात काशी सोन्यासारखी दिसते आणि नाशिक पावसात भिजल्यावर सुंदर दिसतं, ते दगडामुळे.

दुसरा फरक नदीचा. काशीला गंगा उत्तरेकडे वळते म्हणून ती जागा पवित्र. रामकुंडापाशी गोदावरी दक्षिणेकडे वळते म्हणून ही. पण गंगेला हिमालयाचं बर्फ आहे, उन्हाळ्यातही भरपूर पाणी. गोदावरी नाशिकपासून तीसेक किलोमीटरवर ब्रह्मगिरीत उगवते. पावसाळ्यात राक्षसी, आणि मे महिन्यात बारीकशी धार. अशा नदीवर नुसत्या पायऱ्या बांधून काय उपयोग? खाली उतराल, तर पाणीच नसेल.

म्हणून नाशिककरांनी नदीच्या पात्रातच कुंडं बांधली. रामकुंड, सीताकुंड, लक्ष्मणकुंड, धनुषकुंड, अहिल्याकुंड, दुतोंड्या मारुतीचं कुंड, खंडेरावाचं कुंड, अशी एकाखाली एक रांग. पूर आला की सगळी पाण्याखाली, आणि पूर ओसरला की प्रत्येकात पाणी साठलेलं. काशीसारखं दिसायचं होतं, पण नदी काशीची नव्हती. त्या मंडळींनी तो फरक ओळखला. दिसायला नक्कल, काम मात्र इथल्या नदीला धरून.

या साम्याची दुसरी बाजू

एक गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. ही शहरं आणखी एका बाबतीत सारखी होती. घाटावर, देवळात कुणी यायचं आणि कुणी नाही, हेही सगळीकडे सारखंच ठरलेलं होतं. दगड वाहणाऱ्यांची नावं शिलालेखांत नाहीत, आणि त्यातल्या अनेकांच्या लेकरांना देवळाच्या आत पाऊल टाकता येत नव्हतं.

हे तोडायची मोठी लढाई नाशिकलाच झाली. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. इथे दादासाहेब गायकवाडांनी तो चालवला, आणि तो पाच वर्षं रेटावा लागला. ऑक्टोबर १९३५ मध्ये बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती याच जिल्ह्यात, येवल्याला. पंढरपुरासाठी साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं. 'वातावरण सारखं आहे' असं म्हणताना हेही त्या वातावरणात होतं, हे लक्षात ठेवायला हवं.

एप्रिल २०१६

आता आजच्याबद्दल. एप्रिल २०१६. नाशिकचा सिंहस्थ होऊन काही महिने झाले होते, आणि दुष्काळात रामकुंड कोरडं पडलं. पाडव्याच्या सुमाराला टँकरनं पाणी आणून टाकावं लागलं. त्याच महिन्यात उज्जैनचा सिंहस्थ सुरू झाला. क्षिप्रेत पुरेसं पाणी नव्हतं, म्हणून तिथलं स्नान झालं ते पाइपलाइननं उचलून आणलेल्या नर्मदेच्या पाण्यात. जुळी शहरं म्हणतात ती ही, तहानसुद्धा एकाच महिन्यात लागली.

नाशिकमध्ये याला आणखी एक कारण जोडलं जातं. २००३ च्या सिंहस्थाच्या सुमाराला गर्दीची सोय म्हणून नदीच्या पात्रात काँक्रीट ओतलं गेलं. पात्र सपाट झालं, उभं राहायला जागा झाली, पण त्याखाली जुनी कुंडं गेली. कुंडांच्या तळाशी जिवंत झरे होते आणि ते बुजले, असं गोदावरीसाठी झगडणारी मंडळी सांगतात. काँक्रीट काढा म्हणून ती न्यायालयापर्यंत गेली आहेत. विचार करा, ज्या एका युक्तीमुळे नाशिक काशीपेक्षा वेगळं होतं, नेमकी तीच आपण बुजवली.

आणि आता पुन्हा एकदा शहरं एकमेकांसारखी व्हायला लागली आहेत. काशीत डिसेंबर २०२१ मध्ये विश्वनाथ कॉरिडॉर झाला. उज्जैनला ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल लोक. नाशिकमध्ये २०२७ च्या आधी रामकुंड ते काळाराम परिसरात रामकाल पथ होतोय. गोदाकाठाचं काय करायचं म्हटलं की कुणीतरी साबरमतीचा फोटो दाखवतंच.

माझा नक्कल करण्याला विरोध नाही. आजचा सगळा भाग त्याबद्दलच तर होता. वाईनं काशीची केली, काशीनं आपल्याकडची केली, उज्जैननं नाशिकची केली. गर्दीसाठी रुंद रस्ते लागतात, चेंगराचेंगरी होऊ नये म्हणून सोय लागते, हेही खरंय. २००३ मध्येच नाशिकला चेंगराचेंगरीत माणसं गेली होती. पण त्या जुन्या मंडळींनी दुसऱ्या गावचा घाट आणताना एक प्रश्न विचारला होता, आमच्या नदीला मे महिन्यात किती पाणी असतं? साबरमतीचा फोटो समोर ठेवताना हा प्रश्न कुणी विचारताना मला तरी दिसत नाही. साबरमतीच्या त्या भिंतींमधलं पाणी नर्मदा कालव्याचं आहे. आपण कुणाचं आणणार? गंगापूर धरणातलं पाणी आधी नाशिककरांनी प्यायचं, शेतीला द्यायचं, मग जायकवाडीला सोडायचं, आणि त्यातूनच पर्वणीला रामकुंडातही सोडायचं.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. २०२७ साठी जे काही बांधाल ते बांधा, पण त्याआधी गॅझेटिअरमधली कुंडांची यादी घेऊन पात्रात उतरा आणि त्यातली किती मोकळी करता येतील ते बघा. पथावर दिवे कसले लावायचे ते नंतर ठरवता येईल. कुंडं मोकळी करायची तर उन्हाळ्यातच, पाणी कमी असताना. आणि २०२७ च्या आधी उन्हाळे फार उरलेले नाहीत.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावाला कुठल्या दुसऱ्या गावासारखं म्हणतात का? तिथलं देऊळ, वाडा किंवा घाट कुणी बांधला ते जरा शोधा, शिलालेख असेल तर वाचा, आणि मला कळवा. कदाचित तिथेही वाईची एखादी मुलगी किंवा नाशिकचा एखादा सुभेदार सापडेल. पुढच्या भागात भेटूया. तोवर, नमस्कार!